वाचले व समजले

थोरलीनं स्फटिकातल्या इवल्या खोक्याच्या तीन बाजू आणि तीन कोन, असे सहाही आकडे कागदाशी ताडून पाहिले, एकेक आकडा बोट ठेवून मोठ्यानं वाचला आणि शोधाचं बटण दाबलं. हे तिसऱ्यांदा. आधी दोनदा तिनं स्वतःची समजूत घातली होती की टाइप करतानाच काहीतरी चुकलं असणार. आता तीही सोय राहिली नाही. तशाच मापांच्या जुन्या स्फटिकांच्या यादीत सगळ्यात वर पुन्हा तेच नाव आलं. जिवाणूचा स्वतःचा पंप, म्हणजे नको ते पेशीबाहेर फेकणारं त्याचं प्रथिन.

प्रयोगशाळेत ती सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी, म्हणून तिला थोरली म्हणत. सात वर्षं ती ज्या प्रथिनामागे होती ते असलं काही नव्हतं. ते पेशीच्या भिंतीत दारासारखं बसलेलं असतं. ते फारच थोडं बनतं, म्हणून त्याचा जनुक जिवाणूंत घालायचा, जिवाणूंकडून ते बनवून घ्यायचं, मग भिंतीतून साबणानं अलगद सोडवायचं आणि निकेलच्या मण्यांवर पकडायचं. पकडता यावं म्हणून त्याला एक शेपटी जोडलेली असते. हाती आलेलं जेलमधून धाववलं की प्रत्येक प्रथिनाची पट्टी वेगळी दिसते, जडाची वर, हलक्याची खाली. एवढं सगळं जमलं तर त्याचे स्फटिक करायचे आणि क्ष-किरणांनी त्याचा आकार काढायचा. स्फटिक दीड महिन्यापूर्वी आले. सुंदर, टोकदार, साखरेसारखे. रेशनचं दुकान उघडल्यासारखी सगळी प्रयोगशाळा सूक्ष्मदर्शकासमोर रांग लावून उभी होती. मॅडम तर चक्क रडल्या.

आणि क्ष-किरणांची मापं आली तेव्हा ते स्फटिक निघाले जिवाणूच्या पंपाचे. त्या मेल्या पंपाला शेपटीबिपटी काही लागत नाही, तो आपणहून मण्यांना चिकटतो, आणि स्फटिक व्हायला तर एका पायावर तयार. जगभरात कितीजणांनी त्याचा आकार काढून ठेवलाय. आता त्यात थोरलीची भर.

टेबलावर फोन थरथरला. आई होती. तिनं उचलला नाही. आईनं दीड महिन्यात खालच्या मजल्यापासून आत्यापर्यंत सगळ्यांना कळवून टाकलं होतं, "आमच्या हिचे ते खडे आले एकदाचे." प्रबंध द्यायची शेवटची मुदत तीन महिन्यांवर होती. ती आधीच दोनदा वाढवून घेतलेली, आता तिसऱ्यांदा कुणी दारात उभं करणार नव्हतं. प्रबंधात लिहायला एवढे खडेच होते.

ती उठली, कागद घेतला आणि मॅडमच्या खोलीत गेली.

मॅडम शोधनिबंधाच्या मसुद्यात लाल पेनानं खुणा करत होत्या. त्यांनी वर न बघताच खुर्चीकडे हात केला. थोरली बसली नाही.

"मॅडम, हे आपलं नाहीये."

"काय आपलं नाहीये?"

"स्फटिक. पंपाचे आहेत. जिवाणूच्या."

मॅडमनी कागद घेतला. चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला. दोन बाजू सारख्या आणि तिसरी लांबच लांब, तो पंपाचा खोका त्यांच्याही ओळखीचा असणार. त्यांनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला आणि थोरलीला त्यांची दया आली. मग त्या दयेचाच राग आला.

"पण जेलवर पट्टी तर इतकी स्वच्छ होती," मॅडम म्हणाल्या.

"वर होती. पहिल्यापासून वर होती. आपलं प्रथिन त्याच्या निम्म्या वजनाचं आहे. आपण म्हणत बसलो, दोन-दोन चिकटून धावत असतील."

"इतकी माणसं रोज बघत होती. एकाच्याही डोक्यात येऊ नये?"

"आलं होतं की. शंकासुराच्या."

शंकासुर म्हणजे थोरलीच्या मागून वर्षभरानं आलेला मुलगा. प्रत्येक बैठकीत हात वर. पाणी कुठल्या नळाचं इथपासून त्याच्या शंका सुरू व्हायच्या, म्हणून हे नाव, आणि ते ठेवलं होतं थोरलीनंच. एका बैठकीत तो म्हणाला होता, "मॅडम, ही वरची पट्टी आपली कशावरून?" मॅडम म्हणाल्या, "शंका काढायला काही लागत नाही. प्रयोग कर." सगळे हसले होते. थोरलीही हसली होती. पुढं दोन-तीन महिन्यांत तो सोडूनच गेला. त्याच्यात चिकाटी नाही, असं मॅडम म्हणाल्या आणि कुणी काही बोललं नाही.

"त्यानं आणलं होतं काहीतरी," मॅडम आता म्हणाल्या. "मला वाटलं, हात घाण असेल त्याचा. ह्यातलं त्यात गेलं असेल. मी ओरडले थोडी." कागद उलटा ठेवून त्यांनी विचारलं, "अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"आजचा दिवस नको सांगूस."

थोरली बाहेर आली ती सरळ वह्यांच्या कपाटाकडे. तिच्या अंगाची लाही लाही होत होती. त्यानं आणलं होतं! चार वर्षांपूर्वी! चार वर्षं शीतखोलीत हात बधिर करून घेतले, भावाच्या लग्नात दोन दिवस काढले आणि तिसऱ्या दिवशी जिवाणू वाढवायला हजर झाले, ते कशासाठी? ह्यांना वाटलं हात घाण असेल म्हणून. त्याची वही मॅडमसमोर आपटायची, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

वही सापडायला वेळ लागला नाही. त्याचं अक्षर कारकुनी, ठसठशीत. प्रयोग त्यानं अगदी सोपा केला होता. एका चंबूत आपला जनुक घातलेले जिवाणू, दुसऱ्यात जनुक न घातलेले. दोन्हींतून सगळं शेवटपर्यंत तसंच काढलं. खाली जेलचा फोटो चिकटवलेला. दोन्ही रकान्यांत तीच पट्टी, त्याच जागी, तेवढीच जाड. त्याखाली एक वाक्य: "अर्थात ही पट्टी आपल्या प्रथिनाची नाही." पुढं हाच प्रयोग आणखी दोनदा, नवे चंबू, नवे मणी. तेच उत्तर.

शेंबड्या पोरालाही कळलं असतं. थोरलीनं पान उलटायला खालचा कोपरा धरला आणि तिथंच तिचा हात थांबला.

प्रत्येक पानाच्या तळाशी दोन ओळी छापलेल्या असतात. एक प्रयोग करणाऱ्याच्या सहीची. दुसरी "वाचले व समजले", तिथं सोबतच्या कुणीतरी वाचून सही करायची. तो नियमच होता. महिनाअखेरीला वह्यांचा गठ्ठा यायचा आणि चहा पिता पिता सगळे एकमेकांच्या पानांवर सह्या ठोकायचे. त्या महिन्यात थोरली वार्षिक अहवालाच्या धबडग्यात होती.

"वाचले व समजले." खाली तिची सही. तिन्ही प्रयोगांवर. त्याच्या पुढच्या तीसेक पानांवरही, एकच तारीख, एकच निळं पेन.

ती कपाटाला टेकून खालीच बसली. वही मॅडमकडे नेण्यात आता काही अर्थ नव्हता. बऱ्याच वेळानं तिनं फोन काढून त्याचा नंबर शोधला. तो आता पाणी तपासणाऱ्या कुठल्याशा प्रयोगशाळेत होता, एवढंच तिला माहीत होतं.

"थोरले!" पलीकडून तो ओरडलाच. "अगं, कळलं मला. स्फटिक आले ना? मानलं बुवा तुला. आम्ही पळालो आणि तू करून दाखवलंस. पेढे कधी?"

"तुझं बरोबर होतं," ती म्हणाली.

"कशाचं?"

"पट्टीचं. पंपाचेच स्फटिक आलेत. तुझी वही माझ्या मांडीवर आहे."

मागं कसलंतरी यंत्र घरघरत होतं. "दोन मिनिटं हं," असं तो कुणालातरी म्हणाला आणि दार लागल्याचा आवाज झाला.

"त्या पानांवर तुझी सही आहे ना गं?"

"आहे."

"मॅडम ओरडल्या त्याचं मला काही नव्हतं. त्या सगळ्यांवरच ओरडायच्या. पण मी म्हटलं, थोरलीनं वाचलंय, सही केलीये आणि तरी चकार शब्द काढत नाही. म्हणजे तिला माझी चूक दिसलीये आणि मला वाईट वाटेल म्हणून ती बोलत नाहीये. तुझ्याइतकं बारीक बघणारं दुसरं होतं कोण तिथं? महिनाभर वाट बघितली मी, तू काहीतरी म्हणशील म्हणून. मग वाटलं, एवढी साधी चूक जर मला सापडत नसेल तर हे आपलं काम नव्हे."

थोरलीनं डोळे मिटून घेतले.

"आता सांग ना," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना. "तेव्हा तुला काय खटकलं होतं?"

"मी वाचलंच नव्हतं रे."

"एकही पान?"

"एकही नाही."

पलीकडं दार उघडलं आणि यंत्राची घरघर परत ऐकू आली.

"बरं," तो म्हणाला. "ठेवतो मी. नमुने आलेत."