बाईंच्या चुका

"कम्प्युटर ठणठणीत आहे, पोरी. बिघडलेय ती मी. तरी एकदा बघून घे," दार उघडता उघडताच बाई म्हणाल्या.

बाई मुद्रितशोधक. छापखान्याकडून येणारी पानं छापण्याआधी तपासायची, हे काम चाळीस वर्षं केलेलं. अलीकडे घरीच, कम्प्युटरवर. दुरुस्तीवाली त्यांच्याकडे पहिल्यांदाच येत होती.

तीन महिन्यांपासून बाईंच्या पानांत भलत्याच चुका निघत होत्या. धडावेगळं झालेलं 'शिर' दीर्घ होऊन 'शीर' झालं, 'दीन' माणसं 'दिन' झाली. छापखान्याच्या मालकांनी दोनदा फोन करून आडून आडून तब्येतीची चौकशी केली होती.

"मी शब्द सुधारते, जरा उठून येते, तर चूक परत जागेवर," बाई म्हणाल्या. "वर धाकटा भाऊ राहतो. तो म्हणतो, ताई, तू सुधारलंस असं तुला नुसतं वाटतं. आज चारला मला डॉक्टरांकडे नेणार आहे. माझी स्मरणशक्ती गेली असं त्यांनी लिहून दिलं की घराचे सगळे व्यवहार तोच बघणार. कागद तयार आहेत."

दुरुस्तीवालीने आधी नेहमीची तपासणी केली. काही सापडलं नाही. मग तिने बाईंना एका पानातले पाच शब्द सुधारायला लावले, ते स्वतःच्या वहीत टिपले, आणि दोघी चहा करायला आत गेल्या.

परत येऊन पाहिलं, तर पाचातले तीन शब्द पुन्हा चुकलेले.

"बघितलंस? म्हणजे मी सुधारलेच नव्हते," बाई पुटपुटल्या.

"सुधारले होते. मी इथेच उभी होते ना!" ती म्हणाली.

तिने कम्प्युटर बंद केला आणि सेफ मोडमध्ये चालू केला.

"म्हणजे काय गं?"

"म्हणजे फक्त उठून बसण्यापुरतं लागतं तेवढंच चालू होतं. बाकी कोणीकोणी याच्या आत येऊन बसलं असेल, ते सगळे दाराबाहेर. इंटरनेटही बंद."

पडदा काळा झाला, कोपऱ्यांत पांढरी अक्षरं आली. बाईंनी पुन्हा पाच शब्द सुधारले. दोघी पुन्हा आत जाऊन बसल्या. दहा मिनिटांनी पाहिलं, तर पाचही शब्द शाबूत.

तेवढ्यात कुलपात किल्ली फिरली. बाईंचा भाऊ आत आला. पायात मोजे, आवाज मऊ.

"ताई, काम थांबवलंस का गं? तुझी स्क्रीन दिसेनाशी झाली म्हणून..."

बोलता बोलता त्याला खुर्चीतली दुरुस्तीवाली दिसली.

"कुठून दिसेनाशी झाली?" तिने विचारलं.

"दिसेना म्हणजे... टायपिंगचा आवाज येईना." तो हसला. काळ्या पडद्याकडे त्याने बराच वेळ पाहिलं. "चारला तयार राहा, ताई."

तो गेला. वरच्या मजल्यावर पावलं वाजली आणि बरोबर त्यांच्या डोक्यावर येऊन थांबली.

दुरुस्तीवालीने आवाज खाली आणला. बाहेर ठेवलेल्या प्रोग्रामांची यादी तिने एकेक करून पाहिली. "तुमच्याकडे प्रिंटर आहे?"

"नाही."

"मग हा 'प्रिंटर मदतनीस' कोणाचा? हा असला की दुसरीकडे बसून तुमचा कम्प्युटर चालवता येतो. तीन महिन्यांपूर्वी घातलाय."

"तेव्हा त्यानेच साफ करून दिला होता," बाई म्हणाल्या. "म्हणाला, फार हळू चालतोय."

दुरुस्तीवालीने सगळ्या नोंदी पेनड्राइव्हवर घेतल्या. चुका आपल्या नव्हत्या, हे कळून बाईंचा चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच पांढराफटक पडला.

"पोरी, मागच्या आठवड्यात सकाळी उठले तर गॅसचं बटण उघडं. घरभर वास. झोपताना मी हात लावून बघितलं होतं. मग वाटलं, हेही विसरले असेन. असं दोनदा झालं."

दुरुस्तीवालीने कम्प्युटरच्या तारा काढल्या आणि तो काखेत मारला. "लागेल तेवढंच घ्या. आत्ता निघायचं."

बाईंनी चष्मा, शब्दकोश आणि घराची कागदपत्रं पिशवीत घातली. जिन्यात वरच्या पायरीवर भाऊ उभाच होता.

"कुठे निघालीस? अजून वेळ आहे."

"छापखान्यात. पानं द्यायचीत."

तो दोन पायऱ्या खाली उतरला. दुरुस्तीवाली मध्ये उभी राहिली. "मी सोडते त्यांना," ती म्हणाली. तो तिथेच थांबला, कठड्यावर हात ठेवून, दोघी रस्त्यावर पोचेपर्यंत.

आधी त्या पोलीस चौकीत गेल्या. चार वाजता बाई डॉक्टरांकडेही गेल्या, पण दुरुस्तीवालीला घेऊन. डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले. बाईंनी सगळी उत्तरं दिली आणि जाता जाता त्यांच्या छापील अर्जातली वेलांटीची चूकही दाखवली. स्मरणशक्ती उत्तम आहे, असं डॉक्टरांनी लिहून दिलं.

भावाने पोलिसांना सांगितलं, ताईने आता विश्रांती घ्यावी म्हणून केलं, प्रेमापोटी केलं. गॅसबद्दल विचारलं तेव्हा मात्र त्याने विषय बदलला. ते कधीच सिद्ध झालं नाही.

बाई त्या घरात पुन्हा झोपल्या नाहीत. छापखान्याजवळ त्यांनी एक खोली घेतली. तिथे शेगडी ठेवली नाही. जेवण बाहेरून येतं.