दगडांवर ठेवलेलं घर

मित्रांनो, पायाशिवाय उभे राहिलेले घर तुम्ही पाहिले आहे का? नसेल, तर माझ्याकडे पाहा. मी बार्बाडोसमधले एक जुने लाकडी घर आहे. माझ्याखाली नुसते पांढरे दगड रचलेले असतात. ना चुना, ना सिमेंट. हसू नका. एक शहाणा हसला होता, त्याचीच गोष्ट सांगते.

मला बांधले माझ्यात राहणाऱ्या यूडोरामावशीच्या आजोबांनी. ते उसाच्या मळ्यावर राबत. जमीन मळेवाल्याची, घर मात्र त्यांचे स्वतःचे. मालकाशी बिनसले की घराच्या चारही बाजू उकलायच्या, गाडीवर घालायच्या आणि दुसरीकडे नेऊन उभ्या करायच्या, ही इथली रीत. मीही एकदा असेच निघाले होते. माझ्या खिडक्यांची झडपे पाहून येणारेजाणारे थांबत. वादळे येत, तेव्हा ती झडपे लावून आतली माणसे देवाचे गाणे म्हणत बसत आणि मी दात आवळून उभे राही.

समोरच चर्च आहे. रविवारी पास्टर नेहेमाया प्रवचनाला उभे राहतात. आधी नुसते बोलतात, मग आवाज चढतो, बोलण्याचे गाणे होते आणि बाकांवरून “होय देवा!” अशी साथ उठते. तेव्हा माझी फळी न् फळी थरथरते. त्या सुखापुढे मला नव्या रंगाचीही हौस नाही.

आणि मग आला लायल हिंड्स. शहरातल्या सिमेंटच्या घरात वाढलेला. घरे-जमिनी घेऊन श्रीमंत कसे व्हावे, याचा वर्ग कुठल्याशा हॉटेलात भरला होता, तो करून आलेला. मालकाने विकायला काढलेली माझ्याखालची जमीन पाहायला आला आणि विचारले काय? “इथून समुद्र दिसतो ना?” बस्स! जमिनीवर कोण राहते, कोणत्या हक्काने राहते, हद्द कुठे संपते, वाट कुणाच्या अंगणातून येते, एक प्रश्न नाही. माझ्या मागच्या चौकटीला वाळवी लागली आहे. तिकडे वळूनही पाहिले नाही. बोकडाच्या पाठीवर मारावी तशी थाप मला मारली आणि दगडांकडे पाहून हसला. वकीलही विकणाऱ्याचाच धरला. म्हणे, एकातच काम भागते. अशा अकलेची मला कीव येत नाही, किळस येते.

खरेदी झाली आणि तो मावशीसमोर उभा राहिला.

“मावशी, ईस्टरपर्यंत खाली करा. मला पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्यात. गुलाबी रंग देणार.”

मावशी कोंबड्यांना दाणे टाकत होती. “काय खाली करू रे?”

“घर.”

“घर माझंय, बाळा. तू जमीन घेतलीस. वकिलाला विचार की.”

“जमिनीवर जे उभं, ते जमिनीबरोबर येतं. वर्गात शिकवलंय आम्हाला.”

“वर्ग कुठं भरला होता? लंडनात?”

“राहणारी माणसं असंच काहीबाही सांगून अडवतात, हेही शिकवलंय.”

तो गेला. जाताना माझे फोटो काढले आणि ते दाखवून ईस्टरसाठी पाहुणेही ठरवून टाकले!

मावशी मात्र पायरीवर बसून राहिली. मी तिचे एकुलते एक छप्पर. भांडली असती, तर कदाचित जिंकलीही असती, पण या वयात कोर्टाचे जिने कुणी चढायचे? शेवटी ती पास्टरांकडे गेली.

“चर्चमागे चिंचेखाली जागा पडून आहे,” ते म्हणाले. “भाडं म्हणून रविवारी तुझ्या हातचे माशाचे वडे.”

“आणि वडे करपले तर?”

“मग प्रवचन लांबवीन.”

ईस्टरच्या आदल्या दिवशी सगळी मंडळी लोटली. छप्पर उतरले, बाजू सुटल्या. पास्टरांनी गाणे धरले, तशा ठोके मारणाऱ्या हातोड्याही तालात पडू लागल्या. ट्रक भरून गेला, म्हणून दगड दुसऱ्या खेपेसाठी मागे ठेवले. संध्याकाळी मी चिंचेखाली लाकडाच्या ओंडक्यांवर उभे होते आणि आत चूल पेटली होती.

सोमवारी लायल पाहुण्यांना मोटारीत घालून आला. तिथे उरले होते अंगणातले फणसासारखे एक झाड आणि दगडांच्या ओळी. मी दिसताच तो ओरडत चर्चमागे धावला.

“चोरलंत! माझं घर चोरलंत!”

“चोरीच्या घरात मालकीण वडे तळत बसलीय होय रे?” पास्टर म्हणाले. पोरेटोरे खिदळली.

त्याने वकिलाला फोन लावला. ऐकता ऐकता त्याचे कान लाल झाले. “मग आधी का नाही सांगितलंत?” तो किंचाळला. पलीकडून काय उत्तर आले, ते त्याच्या चेहऱ्यावरच वाचता आले: त्याने विचारलेच कुठे होते?

फोन खिशात घालून तो हळू आवाजात म्हणाला, “मावशी, निदान ते दगड तरी माझेच ना?”

“माझ्या आजोबांनी तासलेत ते. शनिवारी आम्ही न्यायला येतोय.” मग तिने बशी पुढे केली. “खा. गरम आहेत. आज पहिल्यांदा बरं विचारलंस.”

तर मित्रांनो, घर-जमीन घ्यायची तर खुशाल घ्या. पण आधी खाली वाका, दगड पाहा, आत राहणाऱ्या माणसाला नीट विचारा, आणि वकील स्वतःचा करा. समुद्र कुठे पळून जात नाही. घर जाते.