वाऱ्याकडे तोंड

दुसऱ्यांदाही इंजिन पेटलं आणि दुसऱ्यांदाही मला इंधन तोडावं लागलं. वेग वाढायचा सोडून तापमानाचा काटाच लाल पट्ट्याकडे धावत सुटला होता. आणखी जरा थांबले असते, तर आतली पाती करपली असती.

प्राचार्य झाडाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते आणि सारखे घड्याळ बघत होते. आमच्या तंत्रशाळेत विमानाच्या इंजिनांचा अभ्यासक्रम मी शिकवते, आणि शिकवायला हे एकच जेट इंजिन आहे. जुन्या विमानातून उतरवलेलं हे धूड माझ्या विद्यार्थ्यांनी वर्षभर खपून एका चाकांच्या गाड्यावर जुळवलं होतं. आज चाललं नाही तर ते भंगारात आणि अभ्यासक्रमाला टाळं, असं प्राचार्यांनी बजावलं होतं. भंगारवाल्याचा ट्रक फाटकाशी येऊनही उभा होता. माझा जीव टांगणीला लागला होता, पण सगळं ठरल्याप्रमाणेच चाललंय असा चेहरा मी करून ठेवला होता.

"वहिनी, इंधनात पाणी असेल," माझे धाकटे दीर म्हणाले. ते आमच्याच वर्कशॉपमध्ये फिटर आहेत.

"भावजी, सकाळीच गाळून घेतलंय."

"मग स्टार्टर दमला असेल."

"तुम्ही दमलायत. बसा जरा."

तेवढ्यात प्राचार्य म्हणाले, "मॅडम, हे चालतं कसं ते तरी सांगा. निदान तेवढं ऐकून जातो."

माझं डोकंच फिरलं. पण रागात मी बरं शिकवते, हे वर्गात सगळ्यांना ठाऊक आहे. तरातरा इंजिनाच्या तोंडाशी गेले.

"पुढून हवा आत घ्यायची, सर. ही पुढची चक्रं ती दाबतात. दाबलेल्या हवेत इंधन जाळायचं. तापली की हवा फुगते आणि मागे पळते. पळता पळता मागचं चक्र, म्हणजे टर्बाइन, फिरवून जाते. दोन्ही चक्रं एकाच दांड्यावर, म्हणून मागची कमाई पुढे खर्ची पडते. त्यातून उरेल तो जोर झोत होऊन मागे जातो, आणि इंजिन पुढे रेटलं जातं. सगळा खेळ हवा पुढून मागे..."

मी बोलायची थांबले. स्टार्टर बंद होता, तरी पुढचं चक्र फिरत होतं. अगदी सावकाश, आणि उलटं.

धावत मागे गेले. मैदानावरचा वारा थेट इंजिनाच्या शेपटात घुसत होता. प्राचार्यांना सावलीत बसून नवाकोरा रंग दिसावा, म्हणून गाडा आम्हीच झाडाकडे तोंड करून लावला होता. आतला वायू बाहेर पडायला बघत होता आणि वारा त्याला मागे दाबत होता. पुढून हवा कमी येत होती, मग आतलं सगळं तापणार नाही तर काय होणार?

"सर, उठा."

"का?"

"इंजिन वळवायचंय. त्याचं तोंड वाऱ्याकडे हवं."

"अहो, पण इथे सावली आहे."

"झोत आता इकडेच येईल. बसून राहिलात तर भाजून निघाल."

प्राचार्य चटकन उठले. विद्यार्थ्यांनी गाडा ढकलला, भावजींनी चाकांना ठोकळे लावले, आणि प्राचार्यांची खुर्ची बाजूला, जाळीमागे, रणरणत्या उन्हात गेली.

मी स्टार्टर दाबला. चक्र सुलटं फिरू लागलं. इंधन सोडलं, आत जाळ धरला, पण पेटलं म्हणजे सुरू झालं असं नसतं. स्वतःच्या जोरावर फिरेपर्यंत स्टार्टरने साथ सोडायची नाही. तापमानाचा काटा चढला, लाल पट्ट्याच्या अलीकडे घुटमळला आणि खाली आला. वेग मात्र चढतच राहिला. मग मी स्टार्टर सोडला.

इंजिन चालतच राहिलं. कुणाच्या आधाराशिवाय, कान फाडणाऱ्या आवाजात, ते स्वतःला फिरवत होतं. भावजी हात वर करून नाचत होते, विद्यार्थी एकमेकांना मिठ्या मारत होते, आणि मी रडत होते. अगदी उघडपणे, ज्याला बघायचंय त्याने बघावं म्हणून.

बंद केल्यावर प्राचार्य घाम पुसत माझ्याकडे आले. इंजिनाची बाजू मांडायला मी तोंड उघडलंच होतं, तर त्यांनी हाताने थांबवलं.

"ट्रक परत पाठवलाय मी," ते म्हणाले. "आता पुन्हा सुरू करा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला हे मी स्वतः दाखवणार आहे."