माझ्या डाव्या पानावरची हळद

मित्रांनो, मी एक जुनी पाहणीची वही आहे. हल्ली एका फडताळात पडून असते. माझी पाठ मोडलेली पाहून ती वयानं मोडली, असं मात्र समजू नका. ती एका गुरुवारी भर सभेत मोडली, आणि त्याचीच ही हकिकत आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात एका जिल्दसाजानं मला शिवलं. त्यानं मला कातडी पाठ दिली आणि प्रत्येक उजव्या पानावर तांबडे रकाने आखले. डावी पानं तेवढी कोरी ठेवली, कारण शाई मागच्या बाजूला फुटते. मला माझ्या रकान्यांचा काय तोरा होता म्हणून सांगू! डाव्या पानांकडे मी ढुंकूनही पाहत नसे.

१९३२च्या हिवाळ्यात शाळाखात्याच्या माधवरावांनी मला काखोटीला मारलं. शिंदे की छावनीतली मुलींची शाळा ओस पडत चालली होती. पटावर चौऱ्याऐंशी नावं, आणि त्यातल्या त्रेपन्न मुली येईनाशा झालेल्या. कारण शोधा, असा वरून हुकूम होता. माधवराव मोठे कष्टाळू. थंडीनं बोटं आखडली तरी त्रेपन्न दारं पायी फिरले. दारात घरचा कर्ता पुरुष यायचा, ते विचारायचे, तो उत्तर द्यायचा, आणि माझ्या रकान्यात शब्द पडायचे, 'पालकांची इच्छा नाही.' असे सत्तेचाळीस वेळा पडले. उरलेल्या सहा मुलींची लग्नं झाली होती.

बेरीज चोख होती. लोकांनाच नको असेल तर शाळा बंद करावी, असा ठराव गुरुवारच्या सभेत यायचा होता.

सोमवारी संध्याकाळी शाळेच्या वनमालाबाई माधवरावांकडे आल्या. त्या याच शाळेत अक्षरं गिरवून मोठ्या झालेल्या. 

"आकडा खरा आहे हो. पण इच्छा नाही म्हणजे काय, ते आकडा सांगत नाही. दोन दिवस ही वही मला द्या."

"बाई, गप्पा ऐकून खातं चालत नाही," माधवराव म्हणाले. "पण घेऊन जा. गुरुवारी सकाळी परत हवी."

मंगळवारी आम्ही सुमनताईंच्या स्वयंपाकघरात बसलो. त्या रिसाल्यातल्या, म्हणजे घोडदळातल्या, दफेदार जगदेवरावांच्या पत्नी. त्यांची पद्मा नऊ वर्षांची, वर्गात पहिली येणारी, आणि तिच्या ओळीतही 'इच्छा नाही' असंच लिहिलेलं.

"यांनी सांगितलंय ना, तेच," सुमनताई म्हणाल्या आणि आमटीत हळद घालू लागल्या. पद्मा मात्र उठून आली आणि तिनं आपला कोपर बाईंपुढे धरला. हात सरळ होत नव्हता.

मग काय, सुमनताईंचा बांधच फुटला. "शाळेच्या टायमालाच तबेल्याचे घोडे पाण्यावर निघतात. गल्ली ही एवढीशी. श्रावणात एक घोडा बिथरला अन् पोरगी भिंतीशी चेंगरली. तेव्हापासून गल्लीपलीकडच्या कुणाची हिंमतच होत नाही."

"मग दफेदारसाहेबांनी तसं सांगितलं का नाही?"

"काय बोलताय बाई! रिसाल्याच्या माणसानं रिसाल्याच्याच घोड्यांची तक्रार करायची? सगळी छावणी हसेल. इच्छा नाही म्हटलं की मान तरी राहतो."

वनमालाबाई हे माझ्या डाव्या पानावर जसंच्या तसं उतरवत होत्या. मी मनात चरफडत होते. माझ्यावर ही चुलीपुढची बडबड? शी! तेवढ्यात अंगणात बूट वाजले. सुमनताईंनी हळदीच्या बोटांनी पान दाबून धरलं. "नाव नका लिहू, पाया पडते!"

जगदेवराव दारात उभे राहिले. "काय लिहिताय?"

"डाग पडला, तो पुसतेय," बाई म्हणाल्या. जगदेवराव माझ्याकडे बघत राहिले आणि मग आत गेले.

त्या दिवशी आणखी आठ घरी बाईंनी हेच ऐकलं, आणि एकाही ठिकाणी नाव लिहिलं नाही. पण त्यांचं समाधान होईना. "नऊ घरं म्हणजे सगळी गल्ली नव्हे," असं पुटपुटत बुधवारी त्यांनी जुनी हजेरी काढली. सोमवारी तबेल्यात नाल ठोकायला नालबंद येतो, घोडे बाहेर निघतच नाहीत, हे बायकांच्या बोलण्यातून कळलं होतं. बाईंनी वारांप्रमाणे मोजलं. येईनाशा झालेल्या मुलींपैकी चव्वेचाळीस जणी गल्लीपलीकडच्या. त्यांचं येणं पुरतं बंद होण्याआधीच्या तीन महिन्यांत त्यातल्या सरासरी अडतीस जणी सोमवारी हजर, इतर वारी तेरा-चौदा. "रोज हजेरी मीच घेतली, आणि मलाच दिसलं नाही!" बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तो तक्ता त्यांनी हळदीच्या डागासमोरच्या उजव्या पानावर मांडला.

गुरुवारी सभा भरली. पालकांनाही बोलावलं होतं; जगदेवराव मागे दाराशी उभे होते. बाईंनी डावं पान वाचलं तशी अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली.

"हे कोण म्हणालं? नाव सांगा."

"नाव सांगणार नाही. तसा शब्द दिलाय."

"मग ही नोंदच नव्हे. ठराव घ्या."

बाईंनी मला पुढे सरकवलं. "निदान समोरचं पान तरी बघा," त्या म्हणाल्या.

माधवरावांनी मला ओढून घेतलं. पानं मिटत होती, म्हणून त्यांनी दोन्ही तळव्यांनी मला सपाट दाबलं, आणि कट्ट! माझी पाठ मोडली. डावं आणि उजवं पान त्यांना प्रथमच एकत्र दिसत होतं. ते पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

"हे सोमवारचंच असं का?" त्यांनी विचारलं.

दाराशी हालचाल झाली. "सोमवारी घोडे निघत नाहीत," जगदेवराव म्हणाले. सगळ्यांच्या माना वळल्या. त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. "हात माझ्या पद्माचा मोडलाय. माझं नाव लिहा."

माधवरावांनी टाक बुडवला आणि हळदीच्या डागाखाली, डाव्या पानावर, ते नाव स्वतः लिहिलं. मित्रांनो, मला स्वतःची लाज वाटली ती तेव्हा.

ठराव बारगळला आणि शाळा भरण्याची घंटा तासभर पुढे गेली. होळीपर्यंत चव्वेचाळीसपैकी एकोणचाळीस मुली परतल्या. पद्मा वाकड्या हातानंच पाटी धरायची.

पुढे नव्या वह्या आल्या, माझी विचारपूस कुणी केली नाही. आता वाळवी माझ्या कोपऱ्याशी पोचली आहे. कधीतरी फडताळ उघडा, मला ऊन दाखवा. पान शोधावं लागणार नाही. मी आपोआप तिथेच उघडते, जिथे एका आईची तीन पिवळी बोटं उमटली आहेत आणि समोर अडतीस हा आकडा आहे.