मागची पायडलं

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे, पण तुमच्या सायकलीसारखी नाही. मला सीट दोन आहेत, एकीमागे एक. हँडल दोन, पायडलांच्या जोड्या दोन, ब्रेक मात्र फक्त पुढच्याच्या हातात. तुमच्यापासून दूर, कालव्यांच्या आणि चीजच्या देशातल्या गौडा गावात, एका घरामागच्या शेडमध्ये मी खिळ्यांवर टांगलेली आहे. माझ्या मागच्या सीटवर प्लॅस्टिकची पिशवी घातलेली आहे. सीट पावसात भिजू नये म्हणून आमच्याकडे अशी पिशवी घालतात. शेडचं छप्पर गळत नाही. तरीही पिशवी आहे. ती का आहे, तेच मला तुम्हाला सांगायचं आहे.

मला दोन भावांनी बनवलं. त्यांचा कारखाना म्हणजे गोठ्यामागची एक खोली होती. थोरल्याने माझा सांगाडा जोडला, धाकट्याने मला गडद निळा रंग दिला. पुढची आणि मागची पायडलं त्यांनी एका लांब साखळीने एकमेकांना बांधून टाकली. पुढच्याने पाय मारला की मागचं पायडल फिरतं. एक थांबला की दुसऱ्याला लगेच पायात कळतं.

थोरला भाऊ गिऱ्हाइकांना म्हणायचा, "नीट विचार करून घ्या बरं का. भांडण झालं तरी हिच्यावरून घरी एकत्रच यावं लागतं."

वाउटर आणि कोबा हे ऐकून हसले आणि मला घेऊन गेले. त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. वाउटर चीजच्या वखारीत कामाला होता. फळ्यांवरची मोठी गोल चीजं उलटायची, पुसायची आणि ती पिकायची वाट बघायची, हे त्याचं काम. अशा कामाने माणूस सावकाश होतो. कोबा मात्र घाईची होती. ती एन्खाउझनच्या कोळ्याची मुलगी. समुद्रासारख्या मोठ्या पाण्याच्या काठी, ते अडवणाऱ्या उंच बांधाजवळ वाढलेली. गौड्यातले कालवे तिला अरुंद वाटायचे. "हे काय पाणी आहे? आमच्याकडे बादलीत याहून जास्त असतं," असं ती म्हणायची.

पुढे वाउटर बसे, मागे कोबा. आमच्या रस्त्याच्या टोकाला उचलपूल आहे. तिथला पूलवाला आम्हाला पाहिलं की रोज ओरडायचा, "अहो वाउटर! मागची पायच मारत नाही!"

कोबा मागून ओरडायची, "मी ढकलतेय म्हणून तर हा पुढे जातोय!"

ही थट्टा आमच्या देशात प्रत्येक जोडसायकलीला ऐकावी लागते. मी ती इतक्यांदा ऐकली आहे की मोजता येणार नाही. तेव्हा मला त्या थट्टेचा अभिमान वाटायचा.

बरीच वर्षं चांगली गेली. त्यांना मूलबाळ झालं नाही. सुट्टीत ते माझ्यावर बसून जवळपास फिरायचे. वाउटर रविवारी माझ्या साखळीला तेल घालायचा. कोबा फडक्याने माझं हँडल पुसायची, फक्त मागचं, कारण पुढचं त्याचं होतं.

मग कोबाचे डोळे बिघडले. डॉक्टरांनी सांगितलं की नजर जाणार. कधी, ते सांगता येत नाही. कदाचित नाताळपर्यंत राहील, कदाचित नाही. त्या संध्याकाळी ती शेडमध्ये आली, माझ्या मागच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "वाउटर, मला एकदा एन्खाउझन बघायचंय. बांधावरून ते पाणी. आकाश जिथे त्याला टेकतं, ती रेघ. बाकी काही नाही दिसलं तरी चालेल."

वाउटर म्हणाला, "बाकीचंही दाखवतो. सगळंच दाखवतो."

त्याने वखारीतून लांब रजा घेतली. मे महिन्यात आम्ही निघालो. त्याने ठरवलं होतं की घाई करायची नाही. दिवसाला एक गाव. लायडनमध्ये कालव्याच्या काठी बसून तिने सावकाश सगळे पूल पाहिले. हार्लेममध्ये दोघांनी गाड्यावर उभं राहून, शेपटी धरून कांदा लावलेला हेरिंग मासा खाल्ला. कोबा सगळं डोळे बारीक करून बघायची आणि पुन्हा पुन्हा बघायची. मी भिंतीला टेकून उभी असायचे. मला वाटायचं, ही माझ्या आयुष्यातली सर्वात चांगली सुट्टी आहे.

एडामला पोहोचल्यावर कोबा म्हणाली, "उद्या सरळ एन्खाउझन गाठू या का रे? ही मधली गावं येताना बघू."

"उद्या ढग आहेत. पाणी राखाडी दिसेल. चांगलं ऊन पडू दे. आणि शेवटचं सगळ्यात छान असायला हवं ना?"

ती हसली. "तू म्हणजे ना! कॉफीबरोबर एक बिस्किट द्यायचं आणि डब्याचं झाकण लगेच लावून टाकायचं."

मित्रांनो, आमच्याकडे खरंच तसं करतात. पाहुणा आला की बिस्किटांचा डबा उघडतात, त्याला एक घेऊ देतात आणि झाकण लावतात. त्यात कंजूषपणा नसतो. उद्यासाठी राहावं, एवढंच मनात असतं. वाउटर तसाच वाढला होता. त्याच्या आईने त्याला असंच वाढवलं होतं. त्याने ते पाणी डब्यात राखून ठेवलं.

एडामला पाऊस लागला. आम्ही थांबलो. होर्नला वारा होता. तिथेही थांबलो. मग एका सकाळी आकाश स्वच्छ झालं. वाउटरने सीटवरच्या दोन्ही पिशव्या काढून खिशात कोंबल्या आणि आम्ही बांधाच्या रस्त्याने निघालो. उजव्या हाताला पाणी चमकत होतं. शिडं दिसत होती. तो शीळ वाजवत होता.

अर्ध्या वाटेवर मागची पायडलं हळू झाली.

"वाउटर, धुकं उतरलं का रे?"

त्याची शीळ थांबली. माझ्या साखळीतून ते थांबणं मागे गेलं. त्याने मागे वळून तिच्याकडे पाहिलं. तिचं तोंड पाण्याकडेच होतं. डोळे सताड उघडे होते आणि त्यांच्यावर ऊन पडलं होतं.

"हो," तो म्हणाला. "थोडं आहे धुकं. जाईल."

तेवढ्यात समोरून दूधवाली बाई सायकलवर आली. वाटेत भेटेल त्याच्याशी चांगलं बोलावं म्हणून ती मोठ्याने म्हणाली, "काय लख्ख दिवस आहे हो! पार आभाळाच्या टोकापर्यंत दिसतंय!" आणि गेली.

कोबाने तोंड पाण्याकडून रस्त्याकडे वळवलं. मग म्हणाली, "चल पुढे."

"डॉक्टरकडे परत जाऊ या."

"जाऊ. आधी चल पुढे."

आम्ही एन्खाउझनला पोहोचलो. बंदराजवळच्या बुरुजात घंटांचं गाणं चालू होतं. त्यावरून तिला कळलं की आपण बुरुजाशेजारच्या पुलावर आहोत. ती उतरली. एक हात माझ्या सीटवर ठेवून पाण्याकडे तोंड करून उभी राहिली.

"सांग," ती म्हणाली.

वाउटर बोलका माणूस नव्हता. त्याने पाण्याकडे पाहिलं. "पाणी आहे," तो म्हणाला.

"ते मला माहीत आहे. कसं आहे?"

"निळं. म्हणजे तसं निळं नाही. हलतंय."

"रेघ दिसते?"

"दिसते."

"कशी आहे?"

माझं हँडल त्याने इतकं घट्ट धरलं की रबर चेपलं. "मला नाही सांगता येत, कोबा," तो म्हणाला.

"राहू दे मग," ती म्हणाली.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती पुन्हा मागे येऊन बसली आणि परतीच्या वाटेवर नीट, न थांबता पाय मारत राहिली. डॉक्टरांनी उपाय केले. त्यांचा उपयोग झाला नाही. त्यानंतरही कोबा माझ्यावर बसायची, पण बेकरीपर्यंतच. पाण्याचं नाव तिने पुन्हा काढलं नाही, आणि वाउटरलाही ते काढायचं धैर्य झालं नाही. काही वर्षांनी एका थंडीत तिच्या छातीत कफ झाला आणि ती गेली.

तेव्हापासून मी इथे आहे. माझ्या साखळीला गंज चढला आहे. मागच्या सीटवरची पिशवी जुनी झाली की वाउटर येऊन नवी घालतो, जणू कोबा उद्या येऊन बसणार आहे. पुढची सीट तशीच उघडी असते. त्याची पुतणी मार्ग्ये अधूनमधून त्याला बघायला येते. शेडचं दार स्वयंपाकघरासमोर आहे, म्हणून मला तिचं बोलणं ऐकू येतं.

"काका, बिस्किटं पार मऊ पडलीत. डब्याचं झाकण का लावत नाहीस?"

"राहू दे उघडं."

"आणि ती सायकल? दोन माणसं लागतात तिला. विकून टाक की."

"राहू दे," तो म्हणतो.

गेल्या वसंतात एकदा त्याने मला खाली काढलं. पुसलं, चाकांत हवा भरली. मला वाटलं, एन्खाउझनला जायचं. तो पुढच्या सीटवर बसला आणि आम्ही रस्त्याला लागलो. तो पुढे पाय मारत होता, म्हणून मागची पायडलंही फिरत होती. त्यांच्यावर कोणी नव्हतं.

पुलावर आता नवा माणूस आहे. त्याला काहीच माहीत नाही. त्याने हसून हात वर केला आणि ओरडला, "अहो आजोबा! मागची पाय मारत नाही हो!"

वाउटरने ब्रेक दाबला. पुलाच्या मध्यावर तो उतरला. "हो," तो म्हणाला, "नाही मारत." मग त्याने मला वळवलं आणि हाताने ढकलत घरी आणलं. ढकलताना कुठलंच पायडल फिरलं नाही.

मित्रांनो, माझ्या साखळीला तेल घाला, असं मी कुणाला सांगणार नाही. आता त्याने काही होणार नाही. तुमच्या घरात जर कुणी काही बघायचं म्हणून मागितलं असेल, तर ऊन पडायची वाट बघू नका. ढगातच घेऊन जा. राखाडी तर राखाडी. वाउटर चांगला माणूस आहे. त्याने तिला लायडन दाखवलं, हार्लेम दाखवलं, एडाम दाखवलं. तिने मागितलेलं गाव तेवढं राहिलं.

शेडचं दार वाजतं आहे. तो आला आहे. त्याच्या हातात नवी पिशवी आहे.