कोनाड्यांची कुंडी

समुद्र येसूबाईच्या घरापासून हाकेच्या अंतरावर होता, पण अंगणातल्या पावसाच्या पाण्याची आणि त्याची काही ओळख नव्हती. मध्ये पुळणीची वाळू उंच आडवी पडलेली. डोंगरावरून आलेलं पाणी अंगणात उतरायचं, समुद्राची गाज ऐकत बसायचं आणि नारळी पौर्णिमा उलटली तरी मुक्काम हलवायचं नाही. त्यापायी गौरीचा फेर येसूबाईच्या अंगणातून उठून शेजारच्या मनुबाईच्या अंगणात गेला होता. फेर मूळचा येसूबाईच्या सासरचा, तिच्या सासूने मिरवलेला. आता तिलाच परक्या दारात उभं राहून ऐकावं लागे, "ये गो येसू, लाजू नको!" मनुबाई हे इतक्या मायेने म्हणे की येसूबाईला पुढे आठवडाभर अन्न गोड लागत नसे.

एकतीस साली तिचा नवरा रावजी मुंबईहून कायमचा घरी आला. उमेदीची सारी वर्षं त्याने तिथे गटारांच्या कामावर काढली होती, आणि त्याविषयी तो असा बोले की ऐकणाऱ्याला वाटावं, हा किल्ले बांधून परतलाय. अंगण बघून तो म्हणाला, "हितं कुंडी पायजे."

"तुळशीची हाय की."

"तशी न्हवं गं. जमिनीत पुरायची. अंगणाचा उतार तिच्याकडं काढायचा. पानी जाळीतून आत पडंल, गाळ तळाला बसंल, आनी वरचं पानी नळातून घरामागच्या खाडीत. नळाचं तोंड मातुर भरतीच्या वर ठेवायचं. न्हायतर खाडीच घरी पाव्हनी येल."

"मंग गौरीचा फेर आपल्याकडं येल?"

"न येऊन जातोय कुठं?"

"तर बसलाव कशाला? उठा."

काम अंबाजी गवंड्याला दिलं. अंबाजीची तुळशीवृंदावनं अलिबागेपर्यंत नावाजलेली. त्याला जमिनीखाली बांधायला सांगणं म्हणजे गवयाला कुजबुजायला सांगणं. तो मनातून दुखावला. खड्ड्यावर नारळाची झापं टाकून त्याने आत जांभ्याचे चिरे बसवले, चुना घोटला, आणि एके सकाळी झापं बाजूला केली. काठाला कमळाच्या पाकळ्या होत्या. आत चारी भिंतींना एकेक कोनाडा होता.

"अंबाजी, हे रं काय?" रावजीने विचारलं.

"कोनाडा."

"गटारात कोन दिवा लावनार?"

"लावायचा का न्हाय ते घरधन्यानं बघावं. भिंत म्हनली की कोनाडा आला. उद्या कुनी म्हनू नये, अंबाजीनं भिंत बोडकी सोडली."

रावजी एकेक कोनाडा निरखू लागला. मुंबईत त्याने कुंड्या उदंड पाहिल्या होत्या. कोनाड्याची एकही नव्हती. त्याची छाती हळूहळू फुगू लागली. सारा गाव बघायला लोटला. हरिहरेश्वराहून परतणाऱ्या यात्रेकरूंनी देव कोणता म्हणून चौकशी केली आणि उत्तराची वाट न बघता नारळ फोडला.

मग पाऊस आला. गढूळ पाण्याचा ओघळ पाकळ्यांकडे निघालेला रावजीने पाहिला आणि तो पावसातच धावला. त्याने कुंडीवर फळी टाकली. "चुना अजून कच्चा हाय," तो म्हणाला. चुना पिकला, तेव्हा त्याने भोवती मातीचा बांध घातला. "पाकळ्या मळतील." अंगणात पाणी चढलं. अख्ख्या गावात कोरडी राहिलेली एकच जागा होती, आणि ती म्हणजे गटार.

गौरी तोंडावर आल्या तशी येसूबाईने पदर खोचला आणि कुदळ उचलली.

"आगं, थांब! त्या अंबाजीला काय वाटंल?" म्हणत रावजी अंबाजीला बोलवायला धावला. कारागिराला कारागिरीची कदर असणारच.

अंबाजी आला. बांधाकडे बघतच राहिला.

"रावजीदादा, तुमी माझी कुंडी कोरडी ठेवली?"

"जपली रं, जपली."

"माझ्या वृंदावनात तुळस न्हाय लावली तर चालंल? नवरी सजवली आनी माळ्यावर बसवली तुमी! वयनी, ती कुदळ द्या हिकडं."

"न्हाय भावजी," येसूबाई म्हणाली. "ह्यो मान माजा."

तिने बांध फोडला, फळी भिरकावली. पाणी क्षणभर बुजलं, मग पाकळ्यांवरून आत कोसळलं. कुंडीने मोठी ढेकर दिली. अंबाजी वाकून ऐकत राहिला; असा आवाज त्याच्या एकाही वृंदावनाने कधी काढला नव्हता. रावजी खाडीकडे पळाला, आणि तिथून त्याची आरोळी आली, "आलं! आलं!" मुंबईची आगबोट धक्क्याला लागावी तशी.

मग अंगणभर मुरूम पसरला, चोपण्याने धोपटला. गौरीच्या दिवशी दुपारी सरी आल्या, कुंडीत गेल्या, आणि दिवेलागणीला फेर येसूबाईच्या अंगणात उभा राहिला. तिने सासूचं गाणं उचललं. बायकांनी पहिला ठेका जपून दिला, लुगडी वर धरून. काहीच उडालं नाही. मग लुगडी सुटली आणि ठेका असा पडला की रावजीने ओटीवरून दोनदा पडवीच्या कौलांकडे पाहिलं.

फेर थांबल्यावर मनुबाई पायरीवर बसून पाय चोळू लागली.

"काय गो मनू, चिकल लागला?"

"चिकल कुठला! जमीन लय टनक गो तुजी. टाचा दुखल्या माज्या."

ही तक्रार येसूबाईने दसऱ्यापर्यंत विहिरीवर येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगितली. मनुबाईला दोनदा सांगितली.