भवानीचं गिऱ्हाईक

लाकडी मोगरी असते वाम माशाच्या डोक्यासाठी, ठोकून मारायला. पण अकरा दिवसांपूर्वी मासळीबाजारातल्या चुन-जाने ती लेकीच्या लॅपटॉपवर घातली. एकदा नाही, तीनदा. पहिल्या घावाला पडदा फुटला, दुसऱ्याला कीबोर्डच्या कळा दातांसारख्या उडाल्या. तिसरा घाव कशासाठी होता, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

कारण म्हणाल तर एवढंसं. शाळेतून बाईंचा फोन आला होता, गणितात मुलगी घसरली म्हणून. दिवसभर वामा सोलून चुन-जा घरी आली तेव्हा इसुल कानांवर हेडफोन चढवून बसलेली. तीन हाका मारल्या, एकीला ओ नाही. चौथ्या हाकेला मोगरीच बोलली.

त्या लॅपटॉपमध्ये शाळेचा निबंध होता, आणि दोन वर्षांचे आवाज होते. इसुल आवाज वेचायची, दुसऱ्या पोरी शिंपले वेचतात तशी. बोटींचे भोंगे, बर्फ फोडायचा खणखणाट, समुद्रपक्ष्यांची भांडणं. ते कापून, जोडून त्यांची गाणी करायची. आईचंही त्यात एक होतं. वामा सोलताना चुन-जा जे गुणगुणायची ते:

*ये गं वामबाई, तुझी कातडी मी सोलते,*
*लेकीच्या वहीसाठी तुझ्या रक्ताशी बोलते.*

तेही फुटलं. त्या दिवसापासून इसुल आईशी बोलली नाही. मांजराशी बोले, बसवाल्याशी बोले, आईशी नाही. नवरा बोटीवर गेला तो परत आला नव्हता. घरात हाक मारणारं तोंड एकच, आणि ते मिटलेलं. सोळा वर्षं ज्या 'आई' शब्दाने चुन-जाचे कान किटले होते, त्याच शब्दासाठी ते आता उपाशी होते.

म्हणून तिने साठवलेल्या चाळीस हिरव्या नोटा काढल्या, चार लाख वॉन, आणि लेकीला म्हणाली, "चल. तू म्हणशील तो घेऊ."

इसुल चपला घालून दाराशी उभी राहिली.

कोरियातल्या पुसानच्या बंदरात रीत आहे. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे भवानी. ते रिकाम्या हाताने गेलं की दिवस बुडाला. म्हणून वामेच्या गल्लीतल्या बायका भवानीला दर पाडतात, वर मूठभर जास्त घालतात आणि पहिल्या नोटेवर थुंकून ती कपाळाला चिकटवतात. चुन-जाने तोच हिशेब धरला. इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात शटर वर जाता जाता पोचायचं, भवानीचं गिऱ्हाईक व्हायचं, आणि स्वस्तात न्यायचं. मासळीच्या बाजारात हे शहाणपण खरं होतं. इथे ते गळ्याशी आलं.

तिसऱ्या मजल्यावरचा बांग शेठ नुकताच कुलूप काढत होता. आडव्या हाडाचा माणूस, अंगठीत बसत नाही असं बोट आणि तोंडभर साखर.

"या आई, या! सकाळी सकाळी लेकीला घेऊन? आज माझा दिवस उजळला!"

"उजळू दे की. पण दर भवानीचा लावायचा हं."

"तुम्ही मागाल तो. बस गं पोरी. काय पाहिजे? शाळेचं काम की टाइमपास?"

"दोन्ही," इसुल म्हणाली. "बॅटरी सहा तास टिकायला हवी. वजनाला हलका. मेमरी जास्त, मी आवाजाचं काम करते. नवा नसला तरी चालेल."

चुन-जा ऐकतच राहिली. अकरा दिवसांनी तिने लेकीचं लांब वाक्य ऐकलं, तेही दुसऱ्याशी. मध्येच काहीतरी बोलायला हवं म्हणून तिने विचारलं, "मजबूत आहे ना?"

इसुल शेठकडेच बघत म्हणाली, "काका, या बाईंना सांगा, मोगरी सोसेल असा लॅपटॉप अजून निघाला नाही."

शेठ खो खो हसला. चुन-जाही हसली, आणि कोटाच्या खिशातलं पाकीट चाचपत राहिली.

काचेच्या कपाटातून शेठने एक करडा लॅपटॉप काढला. वापरलेला, पण निगुतीने. कोपऱ्यात नखाएवढा चरा. इसुलने तो तळहातावर तोलला, उघडला, कळा एकेक करून दाबल्या, कान लावून आतला पंखा ऐकला. मग बाहेर जिन्यावर कोणाचा तरी खोका आपटला, तो आवाज तिने त्यात भरून घेतला आणि पुन्हा वाजवला. तिच्या गालाला खळी पडली. चुन-जाने ती खळी पाहिली, आणि दरावरची घासाघीस एका दमात सोडून दिली.

"चार लाख. बांधा."

"आई म्हणजे राणी! हा दाखवायचा आहे, असाच दुसरा आत डब्यात बंद आहे, तो देतो."

डबा आला. इसुलने लॅपटॉप बाहेर काढला आणि हातावर धरताच तिची भुवई चढली.

"काका, हा जड आहे."

"नवीन बॅटरी आहे, म्हणून."

तिने तो सुरू केला, दोन कळा दाबल्या. "मेमरी निम्मी आहे. आणि पंखा खरवडतोय. हा तो नाही."

"तोच आहे."

"नाही. मला तो कोपऱ्यात चरा असलेला द्या."

"तो विकायचा नाही."

"मग आम्हाला नको," चुन-जा उठली. "चल गं."

शेठच्या तोंडातली साखर सरली. त्याने आकडा ओढला आणि शटर धाडकन अर्ध्यावर आलं.

"कुठे चाललीस? शटर उघडताना आलीस, तास घातलास, आणि भवानी न करता जातेस? माझा आख्खा दिवस तुझा बाप भरणार?"

"तोंड सांभाळ. चोरी तू करायचीस आणि—"

"मार खायचाय का, म्हातारे?" असं म्हणत त्याने इसुलच्या हातातला लॅपटॉप हिसकला. ती सोडेना, तेव्हा त्याने तिचं मनगट पिरगळलं. पोर कळवळली. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या मुस्काटात दिली.

तो आवाज चुन-जाने ऐकला. पुढचं तिच्या हातांनी केलं.

ते हात दिवसाला दोनशे वामा मारणारे. डोकं पाटावर, दाभण डोळ्याखाली, एक चीर, एक हिसका. टेबलावर स्क्रू पिळायचा पेचकस पडला होता. तिने तो उचलला आणि शेठची बाही टेबलाच्या फळीत ठोकली, मनगटापासून बोटभर अंतरावर. फळी किंचाळली. मग तिने त्याची मान धरली, जिथे निसटतं जनावर निसटू शकत नाही तिथे, आणि कपाळ काचेच्या कपाटावर आपटलं. काच तडकली. पुन्हा आपटलं. काच खाली आली, तिच्याबरोबर त्याच्या नाकातलं रक्त आलं. तो गुरगुरत होता, तिच्या कोटाला ओरबाडत होता, पण तिला काही ऐकू येत नव्हतं. तिच्या आत ते गाणं चाललं होतं, ये गं वामबाई, ये गं वामबाई, आणि तिचा हात तिसऱ्या घावासाठी वर गेला.

"आई! मोगरी खाली ठेव!"

मोगरी कुठे होती? हातात काहीच नव्हतं, त्याच्या केसांची मूठ होती फक्त. पण चुन-जा वळली. भिंतीला टेकून उभी असलेली लेक त्या माणसाला घाबरली नव्हती. ती आईला घाबरली होती. लॅपटॉप फुटला त्या रात्री होते तेच डोळे, तसेच वाटीएवढे झालेले.

चुन-जाची मूठ सुटली. वाम निसटते तसा माणूस निसटला. त्याने बाही फाडून घेतली, चार्जर वायरीला धरून गोफणीसारखा फिरवला आणि तिच्या तोंडावर हाणला. कचकन दात मोडला. ती गुडघ्यावर आली. तिने हात उचलला नाही. दोन्ही तळवे जमिनीवर टेकून ती तशीच राहिली, रक्ताचा धागा ओठावरून खाली लोंबत. शेठने चार्जर पुन्हा फिरवला.

तेवढ्यात इसुल मध्ये आली. आईच्या कोटाच्या खिशातून तिने पाकीट काढलं, नोटा काढल्या आणि मान लववून, दोन्ही हातांनी, फुटलेल्या काचेवर त्याच्यासमोर ठेवल्या. गालावर चार बोटं उमटली होती, पण रीत चुकली नाही.

"शेठ, भवानी घ्या."

चार्जर हवेतच थांबला.

भवानीचा पैसा परतवणं म्हणजे लक्ष्मीला दारातून हाकलणं. हे जसं वामेच्या गल्लीत, तसं तिसऱ्या मजल्यावर. शेठ नोटांकडे बघत राहिला. नाकातून रक्त गळतच होतं.

"कशाची भवानी?" तो शेवटी म्हणाला.

"कोपऱ्यात चरा आहे त्याची. नाहीतर उचलते पैसे आणि जाते. मग अवदसा जावी म्हणून मीठ टाका आमच्या मागे, वर्षभर टाका."

त्याने फाटक्या बाहीने नाक पुसलं. "पोरगी आहेस की विंचू?"

"वामवालीची आहे."

त्याने वरची नोट उचलली, तिच्यावर थुंकला. थुंकी लाल होती. नोट कपाळाला चिकटवली, ती टिकली. मग काचा बाजूला सारून करडा लॅपटॉप पुढे ढकलला.

"काचेचे पैसे?"

"माझ्या आईच्या दाताचे द्या, मग बोलू."

त्याने हातातल्या चार्जरकडे पाहिलं, त्याचा ठोकळा फुटला होता. मुकाट्याने मागून दुसरा काढून दिला आणि शटर वर केलं.

बसमध्ये चुन-जा खिडकीशी बसली. रुमाल तोंडाला, रुमालात अर्धा दात. कपाळ काचेला टेकून ती बंदराच्या वाटेकडे बघत होती. शेजारी इसुलने लॅपटॉप मांडीवर उघडला.

"आई."

चुन-जाच्या खांद्यांना तो शब्द लागला, मार लागतो तसा.

"ते वामेचं गाणं म्हण. पहिल्यापासून. सगळ्यात आधी तेच भरते."

"तोंड फुटलंय गं."

"फुटक्या तोंडाने म्हण." इसुल पडद्याकडेच बघत होती. "आणि माफ केलेलं नाहीये मी. ते निराळं."

"बरं," चुन-जा म्हणाली.

तिने रुमाल खाली घेतला, रक्त गिळलं आणि सुरू केलं. अर्ध्या दातातून वारा निसटत होता, प्रत्येक ओळीला शीळ लागत होती. 'रक्ताशी' म्हणताना आवाज फाटला, ती थांबली. इसुलने हाताने खूण केली, पुढे, पुढे. तिचं मनगट अजून लाल होतं, आणि त्याच हाताने तिने लॅपटॉप आईच्या तोंडाशी, जवळ, अगदी जवळ धरला होता.